रोह्याची हद्द आणि तपासणीची रांग

दिव्याहून सावंतवाडीला निघालेली गाडी रोह्याला थांबते, तेव्हा ती एक हद्द ओलांडत असते. मध्य रेल्वे इथे संपते, कोकण रेल्वे सुरू होते. पेणच्या बाजूने येणारा रूळ 1986 मध्ये रोह्यापर्यंत पोचला, 1993 मध्ये पुढचा रोहा–वीर टप्पा सुरू झाला. कारभार दोन, पण प्रवाशाच्या मांडीवरचा डबासुद्धा हलत नाही. कोणी पिशवी उघडायला लावत नाही.

दोन देशांच्या हद्दीवर नेहमीच असं होत नाही. 2008 मध्ये कोलकाता–ढाका मैत्री एक्स्प्रेस सुरू झाली. तेव्हा सीमेवरच्या गेदे आणि दर्शना या स्थानकांवर सगळ्यांना सामानासकट उतरून तपासणीला उभं राहावं लागे. नोव्हेंबर 2017 मध्ये ही तपासणी प्रवासाच्या दोन्ही टोकांच्या स्थानकांवर नेली आणि काही तास वाचले. इंजिन बदललं नव्हतं, रांगेची जागा बदलली होती.

हिशेब सोपा आहे. एका माणसाच्या तपासणीला दहा सेकंद धरा. गाडीत 900 माणसं आणि तपासणीचं टेबल एकच असेल, तर अडीच तास लागतात. पाच टेबलं लावली तर अर्धा तास. पण पाच टेबलांना जागा लागते आणि थांबलेल्या माणसांनाही लागते. म्हणून अशा स्थानकाची क्षमता गाडीतल्या आसनांवर ठरत नाही. सगळ्यात अरुंद वाट कोणती, यावर ती ठरते.

ॲमस्टरडॅमहून लंडनला जाणाऱ्या गाडीत सुमारे 900 आसनं, पण ॲमस्टरडॅम स्थानकातलं तपासणीचं दालन लहान होतं. त्यामुळे एका गाडीला तिथून साधारण 250 प्रवासीच चढू शकत. जून 2024 मध्ये स्थानकाच्या कामासाठी तिथून थेट लंडनला जाणं बंद झालं. फेब्रुवारी 2025 मध्ये मोठं दालन उघडल्यावर ते पुन्हा सुरू झालं.

आपल्या देशांतर्गत प्रवासात पासपोर्टची रांग नाही, पण अरुंद वाट आहे. 29 सप्टेंबर 2017 रोजी मुंबईत एल्फिन्स्टन रोडच्या पुलाच्या जिन्यावर चेंगराचेंगरीत 23 जणांचा जीव गेला. फेब्रुवारी 2025 मध्ये नवी दिल्ली स्थानकात 18 जण गेले. त्यानंतर रेल्वेने 73 गर्दीच्या स्थानकांबाहेर कायमचे प्रतीक्षा कक्ष उभारायचं ठरवलं. गाडी लागेपर्यंत माणसांनी तिथे थांबायचं आणि मग फलाटावर यायचं.

आता गणपतीच्या आधीच्या दिवसांतलं पेण पाहा. गाडी दिव्यालाच भरून आलेली असते. दाराच्या दांड्याला धरून एकजण आत शिरायला बघतो, मागून बाई पोराला वर देते, आतून आवाज येतो, ‘जागा नाही हो!’ मधल्या स्थानकांवरच्या माणसांच्या वाट्याला फलाटच येतो. रोहा–वीर दुहेरीकरण 2021 मध्ये पूर्ण झालं, पण वीरच्या पुढे बहुतांश मार्ग एकेरीच आहे. एक गाडी क्रॉसिंगला अडकली की मागच्या लांबतात. उशिराच्या गाडीची माणसं फलाटावर असतानाच पुढच्या गाडीची येऊन मिळतात. गर्दी दुप्पट होते, जिना तेवढाच राहतो.

अशा वेळी सुरक्षेसाठी नुसता सामानाचा स्कॅनर आणून दारात ठेवला, तर दारातच नवी रांग तयार होईल. तपासणी हवीच, पण तिच्यापुढे मोकळं आवार हवं. चढायचा आणि उतरायचा जिना वेगळा हवा, फलाटाची घोषणा वेळेत हवी आणि ऐनवेळी फलाट बदलू नये. रेल्वे सुरक्षा बलाचे जवान जिन्याच्या तोंडाशी उभे असावेत. यातल्या बहुतेक गोष्टींना नव्या रुळांची गरज नाही.

दर वर्षी आपण गणपतीच्या जादा गाड्यांची यादी मोठ्या आशेने वाचतो. त्या यादीशेजारी आणखी एक आकडा छापून यायला हवा: पेणचा आणि रोह्याचा जिना एका मिनिटात किती माणसांना सुखरूप खाली उतरवतो.