नद्या कुठे गेल्या? पायाखाली बघा!

मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पाचा नकाशा उघडा आणि उत्तर भागात एखादी मोठी नदी शोधा. सापडणार नाही. पाऊस चांगला पडतो, पण पाणी वर टिकतच नाही, कारण सगळी जमीन चुनखडीची. हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पावसाचं पाणी किंचित आम्लधर्मी होतं आणि चुनखडी विरघळवत खाली उतरतं. फटीची भेग होते, भेगेचं भुयार. नद्या आहेत, फक्त जमिनीखाली.

भुयाराचं छत कोसळलं की आकाशाकडे उघडी असलेली नैसर्गिक विहीर तयार होते. तिला 'सेनोते' म्हणतात. शब्द स्पॅनिश वाटतो, पण मूळ माया भाषेतलं. या विहिरी म्हणजे पाताळाची दारं, अशी प्राचीन माया लोकांची श्रद्धा होती.

तुलुम गावाजवळच्या अशाच दारांतून पाणबुडे वर्षानुवर्षं आत शिरत होते, एकेक भुयार मोजत होते. जानेवारी २०१८ मध्ये बातमी आली: 'साक आक्तुन' आणि 'दोस ओखोस' या दोन बुडालेल्या गुहा आतून जोडलेल्या आहेत! एकूण लांबी ३४७ किलोमीटर. रॉबर्ट श्मिटनर यांच्या चमूने ती वाट शोधली. दोन गुहा जोडल्या गेल्या की मोठीचं नाव राहतं, असा गुहा-संशोधकांचा रिवाज. त्यामुळे साक आक्तुन, म्हणजे 'पांढरी गुहा', हेच नाव दोन्हींना मिळालं. पुढे शेजारच्या 'ओश बेल हा' गुहेने लांबीत तिलाही मागे टाकलं.

आत पोहताना अचानक सगळं धूसर दिसू लागतं. दिवा ठीक, मुखवटाही ठीक. वर तरंगणारं गोडं पाणी आणि खालून आत आलेलं समुद्राचं खारं पाणी जिथे मिसळतं, तिथे प्रकाश वेडावाकडा वळतो. दोन हात खाली गेलं की पुन्हा काचेसारखं स्वच्छ!

या खाऱ्या पाण्यात एक आंधळा, शतपाद गोमेसारखा दिसणारा छोटा जीव राहतो. कवचधारी प्राण्यांच्या, म्हणजे कोळंबी-खेकड्यांच्या, अफाट गोतावळ्यात विषारी असल्याचं सिद्ध झालेला हा पहिला. वर्ष २०१३.

एक गोष्ट आपल्या घरची. युकातानच्या वायव्येला सेनोतेंची एक कमानदार माळ आहे. (साक आक्तुन त्या माळेत नाही, ती पूर्व किनाऱ्याला.) माळ उमटली आहे चिक्शुलुब विवराच्या काठावर, जिथे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी प्रचंड अशनी आदळला. त्याच सुमाराला इकडे दख्खनच्या लाव्हाचे थर साचत होते. आपला सह्याद्री त्याच थरांतून कोरला गेला.

आता मला सर्वांत भावलेली गोष्ट. या गुहांच्या छतांवरून चुन्याचे लवणस्तंभ लोंबतात. पाण्याखाली ते बनू शकत नाहीत, त्यांना हवेत ठिबकणारा थेंब लागतो. म्हणजे ही भुयारं एके काळी कोरडी होती. हिमयुगात समुद्र शंभराहून जास्त मीटर खाली गेला होता आणि तो पुन्हा पूर्ण वर येण्याआधी इथे माणसं चालत होती.

२००७ मध्ये तीन पाणबुडे एका भुयारातून पुढे जात होते. अचानक पायाखालचा तळच नाहीसा झाला. पुढे काळाकुट्ट खड्डा. नाव ठेवलं 'ओयो नेग्रो', काळं विवर. तळाशी लांब सुळ्यांच्या वाघासारख्या शिकारी प्राण्याची आणि महाकाय स्लॉथची हाडं होती, आणि एका मुलीचा सांगाडा. वय पंधरा-सोळा, काळ सुमारे १२ ते १३ हजार वर्षांपूर्वीचा. अंधारात ती वरून पडली असावी. संशोधकांनी तिला 'नाया' म्हटलं.

माणसं इतक्या आत कशाला जायची, याचं एक उत्तर २०२० मध्ये मिळालं: गेरूसाठी! त्याच किनाऱ्यावरच्या बुडालेल्या गुहांत १० ते १२ हजार वर्षांपूर्वीच्या खाणी सापडल्या. खणलेले खड्डे, चुलींचे अवशेष, दगडी हत्यारं.

आजचे पाणबुडे आत शिरताना दोरी बांधत जातात. तिच्यावर बाहेरची दिशा दाखवणारे बाण अडकवतात. अंधारात गाळ उठला, तरी बोटांनी चाचपून बाण कळतो. हवेचा एक तृतीयांश भाग जायला, एक परतायला, एक अडीअडचणीला. गेरू काढणाऱ्यांकडे दोरी होती की नाही, ठाऊक नाही. त्यांनी वाटेच्या खुणा म्हणून रचलेले दगडांचे छोटे ढीग मात्र पाण्याखाली अजून जागच्या जागी आहेत.