कोष्टकातले दोन आकडे

‘केमिस्ट्री घेऊन पुढे काय? डाइंगमध्ये शेड मॅचिंग, की गोदामात सुपरवायझर?’ भिवंडीत बी.एस्सी. करत असाल तर हा प्रश्न तुम्ही ऐकलाच असेल. दोन्ही कामं मानाचीच. पण संशोधनाचीही एक वाट आहे. ती कशी असते ते एका केमिस्टच्या आयुष्यावरून बघू या.

आधी निळे स्फटिक

नील बार्टलेट. जन्म १९३२, इंग्लंडमधलं न्यूकॅसल. बारा वर्षांचा असताना शाळेत त्याने मोरचूद आणि अमोनिया एकत्र केले आणि गडद निळे स्फटिक मिळाले. आपणही प्रॅक्टिकलला हेच करतो, निरीक्षण लिहितो, टेस्ट ट्यूब धुऊन ठेवतो. त्या पोराला मात्र केमिस्ट्रीचं वेड लागलं.

पीएच.डी.नंतर १९५८ मध्ये बार्टलेट कॅनडात, व्हँकुव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात शिकवायला गेले. विषय निवडला फ्लोरिन. जवळपास प्रत्येक गोष्टीशी भांडण उकरून काढणारं मूलद्रव्य! तिथे त्यांच्या लक्षात आलं, की प्लॅटिनम हेक्झाफ्लोराइड हे संयुग चक्क ऑक्सिजनच्या रेणूकडून इलेक्ट्रॉन हिसकावून घेतं.

आता तुमचं इनऑर्गॅनिकचं पुस्तक उघडा. आयनीभवन ऊर्जेचं कोष्टक असतं ना, परीक्षेपुरतं पाठ करायचं? बार्टलेट यांना त्यात दिसलं, की ऑक्सिजनच्या रेणूचा आणि झेनॉनचा आकडा जवळजवळ सारखा आहे, दोन्ही १२ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास. मग ऑक्सिजन हार मानतो, तर झेनॉन का नाही? झेनॉनसारखे ‘राजवायू’ कुणाशीच संयोग करत नाहीत, असं तेव्हा पुस्तकं सांगत होती.

२३ मार्च १९६२ च्या संध्याकाळी त्यांनी दोन्ही वायू एकत्र सोडले. क्षणात पिवळसर नारिंगी घन पदार्थ तयार झाला. सांगायला बाहेर आले तर सगळे जेवायला गेलेले! वय होतं २९.

चष्मा काढला आणि…

पुढच्याच जानेवारीत झेनॉनच्या एका फ्लोराइडचे स्फटिक नीट दिसावेत म्हणून त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्याने सुरक्षेचे चष्मे काढले. स्फोट झाला. काचा डोळ्यांत गेल्या, दोघं चार आठवडे हॉस्पिटलमध्ये. लॅबमध्ये गॉगल ‘उगाच’ वाटतो तेव्हा हे आठवा. त्यानंतरही बार्टलेट यांनी फ्लोरिन सोडलं नाही. पुढे बर्कलीला त्यांनी निकेल आणि चांदीच्या अवघड फ्लोराइडांवर काम केलं. २००८ मध्ये ते गेले. नोबेल मिळालं नाही.

भिवंडीशी काय संबंध?

आपल्या गोदामांतून रोज ट्रक भरून एसी निघतात. त्यांना थंड करणाऱ्या वायूंत बहुतेकदा फ्लोरिन असतं. गाड्यांच्या एसीतला आर-१३४ए घ्या. कारखान्यात तो बनवताना हायड्रोजन फ्लोराइड क्रोमियमच्या उत्प्रेरकावरून नेतात. उत्प्रेरक म्हणजे स्वतः न संपता अभिक्रिया घडवून आणणारा पदार्थ. पण शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट तापमानवाढ करतो. म्हणून २०१६ च्या किगाली करारानुसार भारताला अशा वायूंचा वापर २०३२ पासून टप्प्याटप्प्याने घटवत २०४७ पर्यंत ८५ टक्के कमी करायचा आहे. नवे वायू आणि ते बनवणारे उत्प्रेरक लागणारच. आज विशीत असलेल्यांच्या करिअरचाच हा काळ आहे.

सुरुवात कुठून?

बी.एस्सी.नंतर ‘जॅम’ देऊन आयआयटीत एम.एस्सी. करता येतं. माटुंग्याची आयसीटीही आहे. मग सीएसआयआर-नेट. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत उत्प्रेरण आणि असेंद्रिय रसायनाचा स्वतंत्र विभाग आहे. जेआरएफ मिळाली तर दरमहा ३७ हजार रुपये फेलोशिप, म्हणजे घरी सांगायला एक ठोस आकडा. मात्र पीएच.डी.ला पाचेक वर्षं जातात आणि त्यातले कित्येक महिने प्रयोग फसण्यातच जातात, हेही घरच्यांना सांगून ठेवा.

आणि पुढच्या वेळी ते कोष्टक समोर आलं, की पाठ करण्याआधी दोन आकडे शेजारी ठेवून बघा. प्रश्न पडला तर सरांना, मॅडमना विचारा. त्याला फी लागत नाही.