फुकटचा गेम कितीला पडतो? माझं गेमिंगचं २०२५

कसमादे पट्ट्यातून, म्हणजे आमच्या देवळ्यातून तुमचं स्वागत. ज्यांना आजचा भाग ऐकायला जमला नाही, त्यांच्यासाठी तो इथे लिहून देतोय.

२०२५ मध्ये मी मनापासून खेळलेले गेम तीनच: राजी, बीजीएमआय आणि लुडो किंग. वर्ष संपताना त्यांना मार्क द्यायचं ठरवलं होतं, पण मग वाटलं, मार्कांपेक्षा हे विचारू या की प्रत्येक गेमने माझ्याकडून घेतलं काय?

आधी राजी. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवलेला, २०२० मध्ये आलेला. असुर लहान भावाला, गोलूला, पळवून नेतात आणि राजी त्याच्या शोधात निघते. हातात दुर्गेचा त्रिशूळ. मामेभावाच्या लॅपटॉपवर दोन दिवसांत संपवला. इथे व्यवहार सरळ आहे. एकदा पैसे द्या, गोष्ट खेळा, गोष्ट संपते. उद्या पुन्हा या म्हणून गेम तुमच्या मागे लागत नाही.

बीजीएमआय याच्या उलट. डाउनलोड फुकट. उन्हाळ कांदा घेऊन उमराण्याच्या मार्केटला गेलं की ट्रॅक्टरच्या रांगेत तासन्‌तास जातात, तिथे आमची चौघांची टीम हमखास जमते. मजा येते, खोटं कशाला बोलू! पण याला शेवट नाही. सीझन बदलला की रँक खाली येते आणि पुन्हा चढायला लागतं. कंपनीची कमाई होते कपडे, बंदुकीचे रंग आणि क्रेटमधून. क्रेट म्हणजे जत्रेतला रिंग फेकायचा स्टॉल समजा. काय मिळणार ते आधी कळत नाही, आणि नेमकं म्हणूनच हात थांबत नाही. बरं, भारी ड्रेस घातला म्हणून नेम काही सुधारत नाही!

लुडो किंग नवी मुंबईच्या गेमेशनचा, २०१६ चा. आत्या सुरतेत, आम्ही इकडे, तरी रविवारी एकाच पटावर बसतो. यात मधेमधे जाहिराती लागतात. म्हणजे फुकटच्या बदल्यात आपलं लक्ष विकलं जातं. मला तरी हा सौदा परवडतो.

आता चौथा प्रकार. मी तो खेळलो नाही, पण आजूबाजूला पाहिला: पैसे लावून खेळायचे गेम. ओळखीतल्या एका पोराने चाळीतला कांदा विकून आलेले पैसे रमीच्या एका ॲपवर घालवले. घरी कळलं ते खत-बियाणं घ्यायची वेळ आली तेव्हा. सगळे म्हणाले, "त्याला खेळता येत नव्हतं." मला ते पटत नाही. गणित करून बघा.

समजा दोघांनी ५० - ५० रुपये लावले. जमले १००. ॲप त्यातले १० ठेवतं, जिंकणाऱ्याला मिळतात ९०. म्हणजे जिंकलात तर फायदा ४०, हरलात तर तोटा ५०. दोघं सारखेच हुशार असतील तर २० डावांत प्रत्येक जण साधारण १० जिंकेल, १० हरेल. आले ४००, गेले ५००. दोघांचेही शंभर-शंभर रुपये गेले! मग ते गेले कुठे? टेबल मांडणाऱ्याकडे. म्हणून नुसतं "स्किल आहे" म्हणून भागत नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी, मग तो नशिबाचा असो की कौशल्याचा. असे गेम चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नुसतं खेळणाऱ्याला शिक्षा नाही. ई-स्पोर्ट्सला मात्र कायद्याने मान्यता दिली. ड्रीम११ ने पैशांच्या स्पर्धा बंद केल्या, आणि सप्टेंबरच्या आशिया कपमध्ये आपला संघ जर्सीवर मुख्य प्रायोजकाचं नाव नसतानाच खेळला.

तरी "पैसे डबल"वाल्या लिंका व्हॉट्सॲपवर अजून येतातच. त्यामुळे कुठलाही नवा गेम टाकताना मी तीन गोष्टी बघतो. हा गेम कधी संपतो का? कंपनीला पैसे कशातून मिळतात? आणि मी हरलो तर माझ्या खात्यातून काही जातं का? तिसऱ्याचं उत्तर "हो" आलं की ॲप काढून टाकायचं, विषय संपला.

कुणाची ऑनलाइन फसवणूक झाली असेल तर लगेच १९३० वर फोन करा आणि बँकेलाही कळवा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणं अवघड. आणि घरी सांगा. ओरडा बसेल, पण आणखी कर्ज काढून खेळण्यापेक्षा तो बरा.

तुम्ही यंदा काय खेळलात आणि ते कितीला पडलं, नक्की कळवा. पुढच्या भागात भेटूच!