अचलपूर: कापूस घरचा, किल्ली परक्याकडे

1867 मध्ये मुंबईहून निघालेली रेल्वे नागपूरला पोचली, ती अकोला, मूर्तिजापूर, बडनेऱ्यावरून. एकेकाळी इमादशाहीची राजधानी असलेलं अचलपूर मात्र मेळघाटाच्या पायथ्याशी बाजूला पडलं. इथला कापूस बंड्यांत भरून रेल्वेपर्यंत न्यावा लागे. 1905 मध्ये एलिचपूर (म्हणजेच अचलपूर) जिल्हा अमरावतीत विलीन झाला आणि जिल्ह्याचं ठाणं म्हणून असलेला मानही गेला.

1913 मध्ये मूर्तिजापूरहून अरुंद रूळ आले, सुमारे 76 किलोमीटरचे. हीच आपली शकुंतला रेल्वे. आज तिच्याबद्दल हळवं होऊन बोललं जातं, पण ती आली कापूस न्यायला. मँचेस्टरचं वाफेचं इंजिन 1994 पर्यंत धावलं. अखेरच्या वर्षांत फाटक आलं की गाडी थांबायची; कर्मचारी उतरून फाटक लावायचा, गाडी पलीकडे गेली की उघडायचा आणि धावत जाऊन पुन्हा चढायचा. रुळांची मालकी स्वातंत्र्यानंतरही खासगी कंपनीकडेच राहिली.

कापूस गावाबाहेर जाण्याऐवजी गावातच त्याचं सूत व्हावं, ही सोय इथल्या विदर्भ मिलनं केली. जिनिंगमध्ये सरकी वेगळी व्हायची, रुईच्या गाठी बांधल्या जायच्या. मिलनं त्यापुढचं काम इथे आणलं. पाळी सुटली की भुवयांवर, केसांत कापसाचे तंतू चिकटलेली माणसं सायकलींवरून बाहेर पडत. पगाराच्या दिवशी शेजारच्या परतवाड्याचा बाजार फुले, किराणावाल्याची उधारी त्याच दिवशी फिटे. शेतीच्या हंगामावर न टांगलेलं घर काय असतं, हे वऱ्हाडातल्या या गावानं तेव्हा अनुभवलं.

1974 च्या कायद्यानं देशातल्या 103 आजारी गिरण्यांचं राष्ट्रीयीकरण झालं. विदर्भ मिल त्यांत होती. नोकऱ्या वाचल्या, पण निर्णय दिल्लीला गेले. जुनी मिल संपली, तेव्हा राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळानं मुंबईतल्या परळच्या फिनले मिलचं नाव आणि नवी यंत्रं अचलपुरात आणली. मुंबईतल्या गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहत असताना एक मिल कापसाच्या गावी यावी, याचं मला आजही मोल वाटतं. धोरण म्हणून ते अगदी बरोबर होतं.

मार्च 2020 च्या टाळेबंदीत फिनले थांबली. टाळेबंदी उठली, मिल उठली नाही. इथं कच्चा माल होता, यंत्रं होती, पिढीजात हात होते. कमी पडला तो चालवण्याचा निर्णय, आणि तो घेण्याचा हक्क अचलपूरकडे नव्हता. म्हणून कामगार तेव्हापासून आंदोलनं करत राहिले: मिल सुरू करा, नाहीतर आमची देणी चुकती करा.