दगडू, धोंडू आणि प्रतीक्षागृहातला हशा

दवाखान्यात मदतनीस मुलगी केसपेपर पाहून मोठ्याने हाक मारते, "दगडू…" आणि बाकावरून कोणीतरी खुदकन हसते. २०१४ साली ‘टाइमपास’ चित्रपट आला आणि त्यातील नायकामुळे हे नाव घरोघरी चेष्टेचे झाले. ज्या ज्येष्ठांनी ते ऐंशी वर्षे वागवले, त्यांना हा हशा त्याहून फार जुना आहे. डोंबिवलीत रुग्ण तपासताना मी पाहत आलो आहे, की हाक आली तरी असे गृहस्थ चटकन उठत नाहीत. सोबतच्या मुलाला वाटते, बाबांना ऐकू कमी येते. तेही असू शकते, म्हणून कान तपासून घ्यावेतच; परंतु पुष्कळदा ते हशा ओसरण्याची वाट पाहत असतात.

वाचकहो, ही नावे कशी पडली, हे नातवंडांना सांगितलेत का? देवी, पटकी, हगवण यांनी पाठोपाठ लेकरे दगावत, तेव्हा पुढच्या मुलाला दृष्ट लागू नये म्हणून धोंडू, दगडू, केरू, भिकू अशी नावे ठेवीत. त्यात तिरस्कार नव्हता, धास्तावलेली माया होती. महर्षी कर्व्यांचे नाव धोंडो. १८५८ साली जन्मलेले हे धोंडो केशव १०४ वर्षे जगले आणि भारतरत्न ठरले.

सगळ्याच नावांमागे माया असते, असे मात्र म्हणवत नाही. शूद्राचे नाव तुच्छतादर्शक असावे, असे मनुस्मृती सांगते. दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) त्यांच्यातलाच ‘दगडू’ त्यांच्याशी बोलतो, त्याला ही पार्श्वभूमी आहे. मुलगा हवा असताना झालेल्या मुलीला ‘नकुशी’ म्हणत. ऑक्टोबर २०११ मध्ये साताऱ्यात प्रशासनाने समारंभपूर्वक अशा दोनशेहून अधिक मुलींना नवी नावे दिली. आज सत्तरीत असलेल्या नकुशींसाठी असा समारंभ कोणी केला नाही.

डॉक्टर म्हणून मला खरी काळजी वाटते ती निराळ्याच गोष्टीची. लाजेपोटी घरची मंडळी रुग्णालयात ‘दत्तात्रय’ असे नोंदवतात आणि आधारकार्डावर राहते ‘दगडू’. मग रक्ताचा अहवाल एका नावाने, जुनी फाइल दुसऱ्या नावाने. औषधाची अॅलर्जी जुन्या फाइलमध्ये नोंदलेली असते आणि नवा डॉक्टर कोरी फाइल उघडतो. रक्त चढवताना तर नावाची खातरजमा हाच पहिला पहारा असतो. तेव्हा कागदोपत्री नाव सर्वत्र एकच, ओळखपत्राप्रमाणे लिहावे. नाव बदलायचेच असेल, तर ते राजपत्रात प्रसिद्ध करता येते; पण त्यापाठोपाठ निवृत्तिवेतन, बँक, आरोग्यविमा सगळीकडे दुरुस्ती करावी लागते. ती धावपळ करणारे कोणी घरात असेल, तरच या वयात त्या वाटेस जावे.

हाक मारण्याचे नाव मात्र वेगळे असू शकते. स्मृतिभ्रंशात अलीकडचे आधी पुसले जाते, बालपणीचे बराच काळ टिकते. कल्याणात १८६५ साली जन्मलेली यमुना लग्नानंतर आनंदी झाली, पुढे डॉक्टर आनंदीबाई जोशी. आपल्या आजींचेही माहेरचे नाव असेच निराळे असेल. त्या ‘सुशीलाबाई’ या हाकेला ओ देत नसतील, तर माहेरच्या नावाने हाक मारून पाहा. माहेरच्या नावालाच गाव हसत असेल, तर मात्र ती हाक जपून मारावी. मान उचलून बघतात की अंग चोरतात, हे पाहून ठरवावे.

शुद्धीत असलेल्यांना सरळ विचारावे, "बाबा, तुम्हाला कोणत्या नावाने हाक मारलेली आवडेल?" कित्येकांना हे आजवर कोणी विचारलेलेच नसते. जे उत्तर येईल ते परिचारिकेला आणि घरी येणाऱ्या मावशींना सांगावे. आडनाव बहिरे किंवा लंगडे असले, तर हाच प्रश्न कानाच्या अथवा हाडांच्या डॉक्टरांकडे विशेष बोचतो. तेथे आधीच सांगून क्रमांकाने बोलवायची विनंती करता येते. माझ्याकडे एका आजोबांनी मात्र निक्षून सांगितले, "दगडूच म्हणा. आईने ठेवलंय."