तळाच्या संघाचे चाहते

३० एप्रिल २०१७. शिलाँग लाजाँगविरुद्धचा सामना १-१ असा बरोबरीत सुटला आणि मिझोरमच्या ऐझॉल एफसीने आय-लीग जिंकली. मोहन बागानपेक्षा फक्त एक गुण जास्त. ईशान्येकडच्या राज्यातल्या एवढ्याशा क्लबने कोलकात्याच्या बड्या संघांना मागे टाकलं म्हणून देशभर कौतुक झालं. या संघाचे प्रशिक्षक होते खालिद जमील. त्याआधीची सात वर्षं त्यांनी मुंबई एफसी सांभाळली होती. जयेश राणे आणि आशुतोष मेहता हे मुंबई एफसीचे खेळाडूही त्यांच्यापाठोपाठ ऐझॉलला गेले होते. त्या हंगामात दहा संघ होते. पहिला ऐझॉल, दहावा मुंबई एफसी.

मुंबई एफसीच्या चाहत्यांचं नशीब समजून घ्यायला एवढा एक तक्ता पुरे.

हा क्लब २००७ साली सुरू झाला. डेव्हिड बूथ या इंग्लिश प्रशिक्षकाच्या हाताखाली दुसऱ्या श्रेणीतून लगेच वर आला आणि पुढची जवळपास दहा वर्षं आय-लीगच्या मधल्या नाहीतर खालच्या पायऱ्यांवर राहिला. एकही मोठा करंडक नाही. जमील यांची ख्याती विजेतेपदांची नव्हती, संघाला बुडू न देण्याची होती. भक्कम बचाव, बरोबरीत सुटलेले सामने आणि हंगाम संपता संपता कसाबसा टळलेला पदावनतीचा धोका. त्यातही काही हंगाम मुंबईत मैदानच उपलब्ध नसल्याने संघाचे ‘घरचे’ सामने पुण्याच्या बालेवाडीत झाले. म्हणजे घरच्या संघाला पाठिंबा द्यायला दीडशे किलोमीटरचा प्रवास, तोही बहुधा शून्य-शून्य पाहण्यासाठी! तरीही पिवळ्या जर्सीतली ‘यलो ब्रिगेड’ कूपरेजच्या स्टँडमध्ये ढोल घेऊन हजर असे. युरोपातल्या सामन्यांच्या वेळी मुंबईचे बार गच्च भरतात. त्या तुलनेत हा घोळका लहान होता, पण जिंकण्याची वाट पाहत उभा राहिलेला नव्हता.

जिंकणाऱ्यांच्या मागे लोक का जातात, याचं उत्तर मानसशास्त्राने केव्हाच दिलं आहे. रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली अमेरिकेतल्या विद्यापीठांमधला एक अभ्यास प्रसिद्ध केला. शनिवारी विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉल संघ जिंकला की सोमवारी त्याचं नाव असलेले कपडे घालून वर्गात येणारे विद्यार्थी वाढत. संघाबद्दल विचारलं तर जिंकल्यावर ‘आपण जिंकलो’, हरल्यावर मात्र ‘ते हरले’. आपल्याकडे क्रिकेटचा सामना संपल्यावर कोणत्याही चहाच्या टपरीवर हा प्रयोग फुकटात पाहता येतो.

या अभ्यासातून दिसते ती बहुसंख्यांची रीत. हरल्यावरही ‘आपण’च म्हणणारे थोडेच असतात, आणि तेच खरं कोडं आहेत. त्यांना आशा असते म्हणून ते टिकतात, हे नेहमीचं उत्तर अर्धंच आहे. मुंबई एफसी लीग जिंकेल असं मनापासून मानणारा माणूस यलो ब्रिगेडमध्येही सापडला नसता. तिथे येणाऱ्याला हवी असे ती पुढच्या सामन्याची तारीख, ओळखीचे चेहरे, शिव्या घालायला एक पंच आणि आपला म्हणावा असा एखादा स्थानिक पोरगा.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या दाना ओलीसारख्या जुन्या मराठी वस्तीत वाढलेल्याला गावच्या क्लबची ही चैन मिळालीच नाही. आय-लीग असो वा आयएसएल (इंडियन सुपर लीग), वरच्या पातळीवर खेळणारा गावचा क्लब ग्वाल्हेरला कधी नव्हता. शहराचा जुना अभिमान हॉकीचा. ध्यानचंदांचे धाकटे बंधू कॅप्टन रूपसिंह यांचं नाव दिलेलं मैदान आधी हॉकीचंच होतं; पुढे ते क्रिकेटचं झालं आणि २४ फेब्रुवारी २०१० ला सचिनचं द्विशतक तिथेच झालं. फुटबॉलसाठी टीव्हीवरून क्लब निवडायचा. तो कोणताही निवडता येतो आणि उद्या बदलताही येतो. बदलता न येणारा क्लब हवा असेल, तर तो गावातच असावा लागतो.

पण गावात असूनही तो राहीलच याची खात्री नसते, हे पुण्याएवढं कोणाला ठाऊक नसेल. २०१४-१५ मध्ये बालेवाडीच्या एकाच स्टेडियमला तीन क्लब घर म्हणत होते: अशोक पिरामल समूहाचा पुणे एफसी, कल्याणी समूहाचा भारत एफसी आणि आयएसएलचा एफसी पुणे सिटी. भारत एफसीचा पहिलाच हंगाम तळाला संपला आणि तोच शेवटचा ठरला. पुणे एफसी त्या मानाने गुणी संघ, २०१२-१३ मध्ये आय-लीगचा उपविजेता. तोही मागोमाग बंद झाला. डीएसके शिवाजियन्सने दोन हंगाम आय-लीग खेळून २०१७ मध्ये दुकान आवरलं.

उरला पुणे सिटी आणि त्याची ‘ऑरेंज आर्मी’. पाच हंगामांत हा संघ एकदाच उपांत्य फेरीत पोचला. मार्सेलिन्यो आणि आल्फारो ही आक्रमणातली जोडी २०१७-१८ मध्ये भरात होती. बंगळुरूविरुद्ध घरचा सामना गोलशून्य सुटला आणि परतीच्या सामन्यात सुनील छेत्रीने तीन गोल करून पुण्याचा प्रवास संपवला. पुढचा हंगाम पुन्हा खालच्या अर्ध्यात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये क्लब बंद झाला, त्याची जागा नव्या मालकांनी हैदराबादला नेली आणि बरेचसे खेळाडूही तिकडे गेले. मार्च २०२२ मध्ये गोव्यात फातोर्ड्याला हैदराबाद एफसीने केरळ ब्लास्टर्सला हरवून आयएसएल जिंकली. पुण्याहून गेलेले निखिल पुजारी आणि आशिष राय त्या विजेत्या संघात होते. मुंबईचा प्रशिक्षक ऐझॉलला जिंकला, पुण्याचे खेळाडू हैदराबादला.

सतत हरणाऱ्या संघाला मालक कंटाळतात, हे एका मर्यादेपर्यंत खरं आहे. पण जिंकणारेही वाचलेले नाहीत. महिंद्रा युनायटेडने २००५-०६ मध्ये आय-लीगच्या आधीची राष्ट्रीय लीग जिंकली होती. कंपनीने २०१० मध्ये संघ बंद केला. राष्ट्रीय लीगचा पहिला विजेता, फगवाड्याचा जेसीटी, २०११ मध्ये गेला. मुंबई एफसीनेही दहाव्या क्रमांकानंतर पुन्हा मैदान पाहिलं नाही. चाहते पराभवाला सरावतात. क्लबच गेल्यावर काय करायचं, हे मात्र त्यांच्या हातात नसतं.

दक्षिण लंडनच्या विम्बल्डनकरांनी ते हातात घेतलं. त्यांचा क्लब सुमारे नव्वद किलोमीटरवरच्या मिल्टन कीन्सला हलवायला २००२ मध्ये परवानगी मिळाली, तेव्हा चाहत्यांनी स्वतःचा एएफसी विम्बल्डन काढला, उघड्या मैदानावर खेळाडूंची निवड चाचणी घेतली आणि इंग्लिश फुटबॉलच्या बऱ्याच खालच्या पायरीवरून सुरुवात केली. नऊ वर्षांत पाच वेळा बढती मिळवून २०११ मध्ये ते व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये पोचले. तिथे खालच्या लीगमधून वर येण्याचा रस्ता खुला होता म्हणून हे जमलं. आयएसएलमध्ये सुरुवातीची कैक वर्षं प्रवेश होता तो शुल्क भरून. खालून चढून येण्याची वाट नव्हती.

क्लब टिकवण्याचा प्रश्न ईस्ट बंगालच्या चाहत्यांनी रस्त्यावर नेला. २०२०-२१ मध्ये आयएसएलमध्ये आलेला हा शतायुषी क्लब पहिल्या चारही हंगामांत पहिल्या सहांत नव्हता. पण २१ जुलै २०२१ ला चाहत्यांनी कोलकात्याच्या मैदानातल्या क्लबच्या तंबूबाहेर निदर्शनं केली आणि पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या, त्या निकालांसाठी नव्हे. गुंतवणूकदार कंपनी आणि क्लबचे पदाधिकारी यांच्यातला करार अडकला होता आणि संघ पुढच्या हंगामात उतरणार की नाही, हेच ठरत नव्हतं. संघ उतरला, नेहमीसारखा हरला, आणि अखेर जानेवारी २०२४ मध्ये भुवनेश्वरला जादा वेळेत ओडिशाला ३-२ असं हरवून त्याने सुपर कप जिंकला. २०१२ च्या फेडरेशन कपनंतरचा हा पहिला राष्ट्रीय करंडक.

महाराष्ट्रात या काळजीपासून मोकळं असलेलं एक गाव आहे. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर केएसएच्या (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) लीगमध्ये पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, संध्यामठ उतरतात, ते तालमींच्या आणि तरुण मंडळांच्या नावाने. पोरगं कोणाचं, हे त्याच्या पेठेवरून ठरतं. करंडक फिरतो तो बहुतेक मोजक्याच संघांत. बाकीच्यांच्या वाट्याला एखादा मोठा विजय आणि त्यावर वर्षभर चालणारी चर्चा. या प्रेमाला काळी बाजूही आहे. समर्थकांच्या हाणामाऱ्या, दगडफेक आणि त्यापायी थांबलेले सामने कोल्हापूरने पाहिले आहेत, आणि त्याला ‘ईर्षा’ म्हणून सोडून देणं बरोबर नाही. पण तालमीला मालक नाही, त्यामुळे तिला दुसऱ्या शहरात नेणाराही कोणी नाही. अनिकेत जाधव याच गावातून निघाला आणि २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला.

खालिद जमील ऑगस्ट २०२५ मध्ये भारताच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हैदराबाद एफसी दिल्लीला हलला आणि त्याचं नाव स्पोर्टिंग क्लब दिल्ली झालं. पुण्याची जागा सहा वर्षांत दोन शहरं फिरून तिसऱ्यात पोचली. विजेतेपदानंतर नाचलेले हैदराबादचे चाहते आता बालेवाडीच्या ऑरेंज आर्मीच्याच रांगेत आहेत, फरक एवढाच की त्यांच्याकडे एक करंडक आहे.