न्यूयॉर्कची ठेव, पुण्याची प्रयोगशाळा

जगातला सर्वांत श्रीमंत माणूस आपली संपत्ती वाटून टाकायला निघाला आणि त्याच्या देशाच्या संसदेने त्याला तीन वर्षं ताटकळत ठेवलं. १९१० साली जॉन डी. रॉकफेलर यांच्या वतीने अमेरिकी सिनेटमध्ये एक विधेयक मांडलं गेलं. ‘जगभरच्या मानवजातीचं कल्याण’ एवढ्याच उद्देशाने एक कायमस्वरूपी संस्था काढायची होती आणि तिला केंद्र सरकारची सनद हवी होती. त्याच काळात रॉकफेलरांच्या ‘स्टँडर्ड ऑइल’ कंपनीवर मक्तेदारीचा खटला चालू होता; १९११ साली सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचे तुकडे करायला लावले. अशा माणसाचा दानधर्म लोकांच्या पचनी पडणं कठीणच होतं. खुद्द राष्ट्राध्यक्ष टाफ्ट विरोधात होते. रॉकफेलरांच्या माणसांनी बऱ्याच अटी मान्य केल्या. भांडवलाला १० कोटी डॉलरची मर्यादा चालेल, विश्वस्तांच्या नेमणुका राष्ट्राध्यक्ष आणि सरन्यायाधीशांसारख्यांना नामंजूर करता येतील, असंही ते म्हणाले. तरी सिनेट हललं नाही. अखेर मे १९१३ मध्ये न्यूयॉर्क राज्याने ‘रॉकफेलर फाउंडेशन’ला सनद दिली, तीही यातल्या एकाही अटीविना. अमेरिकी संसदेला पुढे या निर्णयाचा पश्चात्ताप झाला की नाही, हा इतिहासकारांचा विषय. पण देणाऱ्याला लगाम घालण्याची इतकी चांगली संधी पुन्हा आली नाही.

वर्षभरातच लोकांच्या संशयाला सबळ कारण मिळालं. कोलोरॅडोतल्या लडलो इथे रॉकफेलरांच्या मालकीच्या कोळसा कंपनीचे संपकरी कामगार तंबूंमध्ये राहत होते. २० एप्रिल १९१४ रोजी राज्याच्या रक्षकदलाने तंबूंवर गोळीबार केला, तंबू पेटले आणि एका तंबूखालच्या खड्ड्यात लपलेल्या ११ मुलांचा आणि २ स्त्रियांचा गुदमरून अंत झाला. फाउंडेशनने कामगार-मालक संबंधांच्या ‘अभ्यासा’साठी मॅकेन्झी किंग यांना नेमलं, जे पुढे कॅनडाचे पंतप्रधान झाले. सरकारी चौकशी आयोगाने सरळ विचारलं, की हा अभ्यास संस्थेचा की मालकाचा? विश्वस्तांनी त्यातून आपला धडा घेतला. वादाच्या सामाजिक प्रश्नांपासून लांब राहायचं आणि ज्याला कुणी नाही म्हणणार नाही असं काम धरायचं, म्हणजे सार्वजनिक आरोग्याचं.

त्याची तालीम आधीच झालेली होती. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत अनवाणी चालणारे गरीब लोक कायम थकलेले, फिकट, सुस्त दिसत. वर्तमानपत्रांनी त्याला ‘आळसाचा जंतू’ असं नावच देऊन टाकलं होतं. खरा गुन्हेगार होता अंकुशकृमी, तळपायाच्या कातडीतून शिरून आतड्याला चिकटणारा आणि रक्त पिणारा. १९०९ साली रॉकफेलरांनी त्याच्या निर्मूलनासाठी १० लाख डॉलर दिले. गावोगाव फिरते दवाखाने लागले. लोकांना सूक्ष्मदर्शकातून त्यांच्याच शौचातली अंडी दाखवत, थायमॉलच्या गोळ्या देत, वर जुलाबाचं औषध देत आणि मग संडास कसा बांधायचा ते शिकवत. कृमी काही समूळ गेला नाही. मात्र फाउंडेशनची पुढची सगळी चाल इथेच ठरली. पैशातला वाटा स्थानिक सरकारकडूनही घ्यायचा, त्यांच्याकडून आरोग्य खातं उभं करवून घ्यायचं आणि ठरल्या मुदतीत आपण बाहेर पडायचं.

हे करणारी माणसं कोण होती, हे पाहण्यासारखं आहे. खजिना विश्वस्तांच्या हाती असला तरी पैसा कुठे जायचा हे बरंचसं ठरवत ते फाउंडेशनचे पगारी अधिकारी. ते जगभर आगबोटीने, रेल्वेने फिरत, प्रयोगशाळांत बसत, प्राध्यापकांबरोबर जेवत आणि रात्री डायरी लिहीत. कोण हुशार आहे, कोण नुसताच बोलका आहे, कुणाच्या प्रयोगशाळेचं छप्पर गळतंय, सगळं टिपून ठेवत. या डायऱ्या आज न्यूयॉर्कजवळच्या स्लीपी हॉलो इथल्या संग्रहात आहेत आणि विसाव्या शतकातल्या विज्ञानाचा इतिहास लिहिणाऱ्याला त्या चाळाव्याच लागतात. गणितज्ञ वॉरन वीव्हर हा त्यांतला सर्वांत प्रभावी. जीवशास्त्राला भौतिकशास्त्राची हत्यारं मिळाली पाहिजेत असा त्याचा हट्ट होता. ‘रेणवीय जीवशास्त्र’ हे नाव १९३८ मध्ये रूढ केलं ते त्यानेच. ऑक्सफर्डला पेनिसिलिनवर काम करणाऱ्या हॉवर्ड फ्लोरीला ब्रिटिश सरकारी यंत्रणेकडून किरकोळ रक्कम मिळत होती. पाच वर्षांच्या अनुदानाचा भरवसा दिला तो रॉकफेलर फाउंडेशनने.

त्याच वहीत काळी पानंही आहेत. बर्लिनमधल्या मानववंश, आनुवंशिकता आणि ‘सुप्रजनन’ या विषयांच्या कैसर विल्हेल्म संस्थेला याच फाउंडेशनचे पैसे गेले, आणि म्युनिकमधल्या एर्न्स्ट र्‍युडिनच्या मनोविकार संस्थेलाही. हिटलर सत्तेवर आल्यावर हाकललेल्या शास्त्रज्ञांना अमेरिकेत जागा मिळवून देण्यासाठीही फाउंडेशनने पैसे ओतले. एकाच तिजोरीतून दोन्ही. विश्वस्त दुष्ट होते असं यातून सिद्ध होत नाही. पण त्या काळातल्या प्रतिष्ठित विज्ञानाला जे शहाणपण वाटत होतं, त्याच्यापुढे डोळे उघडे ठेवायला त्यांना कुणी भाग पाडणारं नव्हतं.

फाउंडेशनचं सर्वांत महागडं वेड होतं पीतज्वर. पश्चिम आफ्रिकेत १९२५ पासून त्यांची माणसं या तापाच्या मागे लागली होती. तिथल्या माकडांना हा रोग देता येईना, तेव्हा हिंदुस्थानातली लाल तोंडाची माकडं मागवली गेली. १९२७ मध्ये गोल्ड कोस्टवरच्या असिबी नावाच्या माणसाचं रक्त अशाच एका माकडाला टोचलं. असिबी बरा झाला, माकड मेलं आणि विषाणू हाती लागला. हा रोग शोधणारे संशोधकही त्याला बळी पडले: त्याच वर्षी एड्रियन स्टोक्स गेला. पुढच्या वर्षी अक्रा इथे हिदेयो नोगुची गेला आणि त्यापाठोपाठ काही दिवसांत विल्यम यंग. असिबीच्या रक्तातल्या विषाणूपासूनच मॅक्स थायलरने न्यूयॉर्कच्या प्रयोगशाळेत १९३७ साली ‘१७डी’ ही लस तयार केली. १९५१ चं नोबेल त्याला मिळालं ते यासाठीच. १९४२ मध्ये मात्र मानवी रक्तद्रव मिसळून बनवलेल्या याच लशीतून अमेरिकी सैन्यात काविळीची साथ पसरली, सुमारे ५०,००० सैनिक आजारी पडले. मग रक्तद्रव वगळला गेला. आज मुंबईहून नैरोबीला निघालेल्या माणसाला जी सुई घ्यावी लागते, ती या लशीच्याच वंशातली.

पीतज्वर शोधताना डास-गोचिडांच्या चाव्यातून पसरणारे इतर कितीतरी विषाणू सापडत गेले. ते हुडकण्यासाठी फाउंडेशनने त्रिनिदाद, ब्राझील, इजिप्त, दक्षिण आफ्रिका, नायजेरिया आणि भारत इथे प्रयोगशाळा उभ्या केल्या. भारतातली प्रयोगशाळा आली पुण्यात. १९५२ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून व्हायरस रिसर्च सेंटर सुरू केलं. आंबेडकर रस्त्यावरून जाणारा पुणेकर आज ज्याला ‘एनआयव्ही’ म्हणतो ते. सुरुवातीच्या कामांपैकी एक म्हणजे देशाच्या निरनिराळ्या भागांतल्या लोकांचं रक्त गोळा करून त्यांना पूर्वी कोणकोणते विषाणू भेटून गेलेत ते तपासणं. स्मिथबर्न, केर आणि गटणे यांनी १९५४ साली ते निष्कर्ष छापले. त्यात झिका विषाणूविरुद्धची प्रतिपिंडंही होती, म्हणजे जगाने झिकाचं नाव धास्तीने घेण्याच्या साठ वर्षं आधी!

खरी परीक्षा १९५७ च्या मार्चमध्ये आली. शिमोगा जिल्ह्यातल्या सागर-सोरब भागात माणसांना जबर ताप येत होता आणि जंगलात माकडं मरून पडत होती. माकडं आणि माणसं एकदम मरू लागली की पीतज्वराच्या जाणकाराच्या पोटात गोळा येतो. पीतज्वर आशियात कधीच आलेला नव्हता. आला असता तर हाहाकार झाला असता. केंद्राचे संचालक टेलफर्ड वर्क आणि त्यांचे सहकारी तिथे पोचले. मेलेल्या-आजारी वानरांची चिरफाड झाली, नमुने पुण्याला आले. विषाणू निघाला तो पीतज्वराचा नव्हताच. त्याचे नातेवाईक होते रशियातल्या गोचीडजन्य मेंदूज्वराच्या घराण्यात. जंगलाचं नाव क्यासनूर, म्हणून रोगाचंही.

मग गोचिडांची मोहीम सुरू झाली. ही पद्धत पाहायला गमतीची आहे. पांढरं फडकं काठीला बांधायचं, रानातल्या पाचोळ्यावरून आणि झुडपांवरून ओढत न्यायचं, थांबून उलटायचं आणि चिकटलेली गोचिडं चिमट्याने एकेक करून बाटलीत टाकायची. टाचणीच्या टोकाएवढी पिल्लंही सोडायची नाहीत. बाटलीवर जागा नि तारीख. प्रयोगशाळेत जातवार निवड, कुटणं, उंदराच्या पिल्लांना टोचणं, वाट पाहणं. टी. रामचंद्र राव, हॅरल्ड ट्रॅपिडो आणि त्यांच्या मंडळींच्या अशा कष्टांतून ‘हीमाफिसॅलिस स्पिनिजेरा’ ही गोचीड मुख्य वाहक ठरली. हे काम धोक्याचंही होतं. विषाणू हाताळणाऱ्या प्रयोगशाळेतल्या अनेकांना हाच ताप आला.

रशियाकडचं विषाणूघराणं शिमोग्याच्या जंगलात कसं आलं, हा पुढचा कोडंवजा प्रश्न. पाहुण्या पक्ष्यांच्या अंगावरून गोचिडं आली असतील का? इथे मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी चित्रात आली आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सालिम अलींनी पक्ष्यांच्या पायांत कडी अडकवण्याचं काम मोठ्या प्रमाणावर सुरू केलं. पक्षी दोषी ठरले नाहीत, पण स्थलांतराचा अभ्यास मात्र आपल्याकडे उभा राहिला.

फाउंडेशनचं भारतातलं गाजलेलं काम हे नव्हेच. ते गव्हाचं. मेक्सिकोत १९४३ पासून चाललेल्या त्यांच्या शेती कार्यक्रमात नॉर्मन बोरलॉग यांनी बुटका, तांबेऱ्याला दाद न देणारा गहू घडवला. दिल्लीच्या ‘पुसा’ संस्थेतलं पदव्युत्तर शिक्षण १९५८ मध्ये फाउंडेशनच्या साह्याने उभं राहिलं होतंच. आणि १९६६ मध्ये तेव्हाचे कृषिमंत्री सी. सुब्रमण्यम यांच्या आग्रहाने १८,००० टन मेक्सिकन बियाणं भारतात उतरलं. त्याचं कौतुक आणि पंजाबच्या खोल गेलेल्या पाण्याचं दुःख, दोन्ही इतकं लिहिलं गेलंय, की इथे पुन्हा नको.

पुण्याची गोष्ट कमी सांगितली जाते, आणि देणगीदारांना तोलायचं तर तीच जास्त उपयोगाची. कारण १९६७ मध्ये फाउंडेशनने इथला पैसा थांबवला. कुणाचं भांडण झालं नव्हतं. अंकुशकृमीच्या दिवसांतलं जुनं सूत्रच वापरलं गेलं. तोवर केंद्रात भारतीय कीटकशास्त्रज्ञ, विषाणुशास्त्रज्ञ, तंत्रज्ञ यांची एक पिढी तयार झाली होती. १९६५ साली नागपूरजवळच्या चांदीपुऱ्यातल्या तापकरी रुग्णांच्या रक्तातून एक नवा विषाणू वेगळा काढला गेला. त्याला गावाचंच नाव मिळालं. पुढचा खर्च वैद्यकीय संशोधन परिषदेने उचलला आणि १९७८ मध्ये केंद्राची राष्ट्रीय विषाणू संस्था झाली. जो पैसा परत जातो आणि मागे पगारपत्रकावर स्थानिक नावं ठेवून जातो, तो चांगला लागला असं म्हणायला हरकत नाही. जो वर्षानुवर्षं ‘प्रकल्प’ म्हणून मुक्काम ठोकतो, त्याच्याबद्दल असं बोलणं अवघड.

आता परदेशी फाउंडेशनला भारतात पैसा देणं पूर्वीइतकं सोपं नाही. १९७६ च्या विदेशी अंशदान कायद्याच्या जागी २०१० चा आला. २०२० च्या दुरुस्तीने परदेशी पैसा आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच उतरवायचं बंधन घातलं आणि एका संस्थेने घेतलेला परदेशी निधी दुसरीला देणं बंद केलं. गावपातळीवरच्या लहान संस्थांना याची झळ सर्वांत जास्त लागली. परक्या श्रीमंताने इथलं हित काय ते का ठरवावं, हा प्रश्न रास्तच आहे. पण अर्ज-परवान्यांच्या जंजाळाने तो सुटत नाही, नुसता लांबणीवर पडतो.

क्यासनूरचा ताप मात्र कुणाच्या परवान्यासाठी थांबला नाही. तो सह्याद्रीच्या अंगाने उत्तरेकडे सरकला. २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग भागात माणसं आजारी पडू लागली. इथे लोक त्याला ‘माकडताप’ म्हणतात. जानेवारी ते मे हा त्याचा जोराचा काळ, म्हणजे नेमका काजूचा हंगाम. बोंडं वेचायला बागेत आणि रानात जाणाऱ्या माणसाला गोचिडांपासून पळता येत नाही. कर्नाटकात वर्षानुवर्षं दिलेली जुनी लस पुरेशी परिणामकारक नसल्याचं दिसून आलं आणि नवी लस अजून घडते आहे. तोवर अंगाला गोचीड-प्रतिबंधक तेल चोळायचं, मेलेल्या माकडाला हात लावायचा नाही आणि ताप आला की रक्त तपासून घ्यायचं, हे आरोग्यसेविका दारोदार सांगत फिरतात. २०२४ च्या पावसाळ्यात गुजरातमध्ये लहान मुलं मेंदूज्वराने दगावू लागली, तेव्हा चांदीपुराच्या शंकेने त्यांचे नमुनेही तपासणीसाठी पुण्यालाच आले.